शेवटचा फर्मा

कॅप्टन उदयसिंह इंगवल्यांच्या गळ्यात हार घालायचं काम हेडबाईंनी माझ्यावर सोपवलं. मी शास्त्राची शिक्षिका आणि पाहुणे शास्त्रीय साहसकथांचे लेखक, म्हणून. शाळेचं स्नेहसंमेलन, समोर सहाशे मुली, आणि हातात झेंडूचा ओला हार. कॅप्टन वाकले नाहीत. मलाच टाचा उंचवाव्या लागल्या.

"वाचता का बाई आमची पुस्तकं?" त्यांनी मिशीतून विचारलं.

"वाचते," मी म्हटलं.

वाचते कसली, लिहीत होते! 'लाव्हा क्रमांक नऊ'पासून 'पाच हजार फूट खाली'पर्यंत पाचही पुस्तकं मी लिहिली होती. मिरजेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, आई झोपाळ्यावर जप करत असताना, मांडीवर पाट घेऊन. मुखपृष्ठावर नाव आणि मिशा तेवढ्या या माणसाच्या. ते प्रकाशकांचे मेहुणे. आणि कॅप्टन म्हणजे सैन्यातले वगैरे नव्हेत. तालुक्याच्या व्हॉलीबॉल संघाचे. पुस्तकं कोण लिहितं हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. असेल कोणी कारकून, एवढीच त्यांची समजूत.

भाषण झालं. मग प्रश्न. आठवी ब मधली निलोफर शिकलगार उभी राहिली. ही पोरगी वर्गात बाकाखाली पुस्तक धरून वाचायची आणि मी मुद्दाम तिकडे बघत नसे.

"सर, 'पाच हजार फूट खाली'मध्ये तो पाणबुड्या झपकन वर येतो आणि त्याचं रक्त उकळल्यासारखं होतं. ते का होतं?"

उत्तर त्याच पुस्तकात त्र्याण्णवाव्या पानावर होतं. खोल पाण्यात दाबामुळे नायट्रोजन वायू रक्तात विरघळतो. माणूस हळूहळू वर आला तर तो बिनबोभाट निघून जातो, घाईने आला तर त्याचे बुडबुडे होतात आणि माणूस मरतो. हे नीट लिहायला मला चार रविवार लागले होते. कॅप्टननी घसा खाकरला.

"बाळ, समुद्राचं पाणी कसं असतं? खारट. माणूस जोरात वर आला की ते मीठ अंगात शिरतं. मीठ शिरलं की रक्त तापतं. सोपं आहे."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या मुलींनी तर वहीत लिहून घेतलं.

"बाकीचं शास्त्र तुमच्या बाईंना विचारा," कॅप्टन माझ्याकडे हात करून म्हणाले. "धाडस करायचं काम आमचं. समजावून सांगायचं काम बायकांचं."

पुन्हा टाळ्या. जाताना त्यांनी मला माझंच पुस्तक भेट दिलं. पहिल्या पानावर ऐटीत लिहिलं होतं, 'सौ. चौगुले यांस सप्रेम.' मी चौतीस वर्षांची होते आणि माझं लग्न झालेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात घटक चाचणी झाली. त्यात अकरा मुलींनी रक्तात मीठ शिरवलं. मी अकराही जणींना शून्य दिलं. एकीची आई भांडायला आली, "एवढ्या मोठ्या लेखकापेक्षा तुम्हाला जास्त कळतं होय?" तिला उत्तर द्यायला माझी जीभ नुसती शिवशिवत होती. मी म्हटलं, "चूक ती चूक." आणि येणाऱ्या रविवारी कोल्हापूरची एस. टी. पकडली.

धडाका प्रकाशनाचे मालक बापूसाहेब मगदूम पुस्तकं छापत, पण वाचत नसत. हस्तलिखित आलं की ते तळहातावर तोलायचं, पानं मोजायची आणि आत कंपोझिंगला धाडायचं. पुस्तक छापायची त्यांची तऱ्हाही उफराटी होती. आधी मुखपृष्ठ छापून यायचं, मग जाहिरात सुटायची आणि मजकूर मागून. मी सोळा पानांचा ऐवज पाठवायचा, तो जुळवायचा, एका मोठ्या कागदावर छापायचा, की झाला एक फर्मा. अक्षरांचे शिशाचे खिळे मोजकेच होते, त्यामुळे फर्मा छापला की जुळणी मोडून तेच खिळे पुढच्या फर्म्याला घ्यायचे. मागे जाऊन एक शब्द बदलायची सोय नाही. आठ फर्म्यांत पुस्तक संपवायचं.

"बापूसाहेब, पाचव्या पुस्तकावर माझं नाव येणार होतं."

"येणार होतं की," मगदूम म्हणाले. "बसा, बसा. पण बाई, तुम्हीच सांगा. माणूस स्टँडवर गाडीची वाट बघत पाच मिनिटं उभा असतोय. पाणबुडी बघतोय, मिशी बघतोय, पुस्तक उचलतोय. तिथं शशिकला चौगुले असं वाचलं तर त्याला वाटंल, लोणच्यामुरंब्याचं पुस्तक हाय."

"तुमच्या कॅप्टननी मुलींना काय सांगितलं माहीत आहे?"

"तो व्हय? तो काय बी सांगतोय. मिशी बरी हाय त्याची." ते पुढे झुकले. "सहाव्यावर तुमचं नाव. आईची शप्पत. दिवाळीला काढू. पर असलं लिव्हा बाई, की माणसाची गाडी चुकली पायजे."

मी विश्वास ठेवला. का ठेवला असं आज मला कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. नाव छापून येण्याची हाव माणसाला बावळट करते, एवढंच खरं.

'अंधाराचा वेग' मी तापात असल्यासारखी लिहिली. तोवर मला एक गोष्ट कळून चुकली होती. प्रकरण कधी संपवायचं नसतं, तोडायचं असतं. दाराच्या कडीला हात लागला की तोडायचं. पुढच्या प्रकरणात दार उघडायचं आणि आत आणखी एक दार ठेवायचं. वाचणाऱ्याला श्वास घ्यायला सापडता कामा नये, आणि तरी त्याने थांबून विचार केला तर शास्त्र पक्कं सापडलं पाहिजे. या कादंबरीत आमचा नेहमीचा नायक मेजर भार्गव रत्नागिरीजवळ समुद्राच्या तळाखाली बांधलेल्या प्रयोगशाळेत अडकतो. दर संकटात त्याला कुठून तरी एक चिठ्ठी मिळते, तिच्यात सुटकेचा उपाय असतो. चिठ्ठ्या पाठवणारा कोण, हे शेवटी कळायचं. मी एक म्हातारे प्रोफेसर योजून ठेवले होते.

हस्तलिखित द्यायला मी दर पंधरवड्याला कोल्हापूरला जाई. मालक सोडले तर प्रेसमध्ये मला लेखक म्हणून ओळखणारा एकच माणूस होता, हेड कंपोझिटर दस्तगीरभाई. पाचही पुस्तकं त्यांनी माझ्या अक्षरावरून खिळा खिळा जुळवली होती.

"तुमच्या पुस्तकाला कंपोझिंगची पोरं रजा टाकत न्हाईत बाई," ते एकदा म्हणाले. "पुढचं पान दुसऱ्याच्या वाट्याला गेलं म्हंजे? परवा दोघं भांडलीत त्यावरनं."

असा अभिप्राय मला जन्मात कुठल्या समीक्षकाने दिला नसता.

सातवा फर्मा द्यायला गेले तेव्हा मालकांच्या खोलीबाहेर मुखपृष्ठांचे गठ्ठे येऊन पडले होते. चार रंगांत छापलेले, चकचकीत. समुद्र, स्फोट, मेजर भार्गव. खाली लाल अक्षरांत कॅप्टन उदयसिंह इंगवले. मागच्या बाजूला त्यांचा फोटो, तोंडात पाइप.

मगदूम दारात आले. गठ्ठ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बाहेरनं छापून येतंय बाई, चार म्हैने आधी सांगायला लागतंय. तवाच सांगितलेलं. सातव्याला नक्की."

चार महिने आधी. म्हणजे आईची शपथ घेतली तेव्हा मुखपृष्ठ छापायला गेलेलं होतं. आरडाओरडा करावा, गठ्ठे उधळून द्यावेत असं वाटलं. पण मी शाळेत तेरा वर्षं काढली होती. चोरी पकडली की लगेच ओरडायचं नाही, आधी पोरीला पेपर पुरा लिहू द्यायचा, हे मला येत होतं.

"बरं," मी म्हटलं, आणि सातवा फर्मा त्यांच्या हातात दिला. त्याच्या शेवटी मेजर भार्गव बंद कोठडीत होता आणि पाणी त्याच्या गळ्यापर्यंत आलं होतं.

आठवा फर्मा मी पाठवला नाही.

पहिला आठवडा पोस्टकार्डं आली. दुसऱ्या आठवड्यात तार आली. दिवाळी बारा दिवसांवर आली तेव्हा मगदूम स्वतः आले, आणि सोबत कॅप्टन. मी त्यांना बसा म्हटलं, चहा विचारला नाही. आईने आतून दोनदा भांडी वाजवून आठवण केली, तरी नाही.

"तुम्ही?" कॅप्टन माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही तर हार घातला होता. दाजी, या बाई लिहितात?"

"लिव्हतात," मगदूम कसंनुसं म्हणाले. "बाई, सात फर्मे छापून पडलेत. पाच हजार प्रती. इक्रेते दारात बसल्यात. काय चुकलं असंल तर पदरात घ्या."

"कव्हरवर माझं नाव घाला."

"आता कसं घालू? कव्हरं छापलीत की!"

"मग लेखक आलेतच बरोबर," मी म्हटलं. "त्यांना बसवा लिहायला. सोळा पानं तर आहेत."

मगदुमांनी कपाळाला हात लावला. पण कॅप्टनचं आमच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर सरकून बसले होते.

"मी गाडीत वाचत आलो," ते म्हणाले. "पहिल्यांदाच वाचलं. बाई, तो सुटतो ना? पाणी गळ्याशी आलंय त्याच्या."

"तुम्हीच लिहिलंय. तुम्हाला ठाऊक."

"असं नका करू हो. नुसतं हो की नाही सांगा."

"आणि त्या चिठ्ठ्या? त्या कोण पाठवतं, काही अंदाज?"

"नाही ना! तेच तर!"

एवढा धिप्पाड माणूस, पण चेहरा रडवेला झाला होता. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. दहा मिनिटं मी तो चेहरा मनसोक्त बघून घेतला आणि मग म्हटलं, "बुधवारी दुपारी प्रेसमध्ये आणून देते. मी स्वतः."

वेळ मी हिशेबाने दिली होती. फर्मा बुधवारी दिला तर त्याच दिवशी जुळवून छापावा लागणार, गुरुवारी बांधणी, शुक्रवारी गाड्या भरून बाहेर. कोणाला सवड राहणार नव्हती. तेव्हा शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती. सोमवार-मंगळवार बसून मी ती सोळा पानं लिहिली. म्हाताऱ्या प्रोफेसरांना रजा दिली.

बुधवारी मगदुमांनी गठ्ठा तळहातावर तोलला, पानं मोजली, "सोळाला भरतंय," असं म्हणाले आणि आत धाडून दिला. मीही मागोमाग कंपोझिंगच्या खोलीत गेले. दस्तगीरभाई उभ्याने वाचत होते. पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिसऱ्या पानावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

त्या पानावर मेजरला शेवटची चिठ्ठी मिळत होती, आणि या वेळी खाली सही होती. शशिकला चौगुले, शास्त्र शिक्षिका, मिरज. आजवरची प्रत्येक कामगिरी या बाईंनी घरबसल्या सोडवली होती आणि पदकं मेजरने छातीवर लावली होती. त्याला शास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. कोठडीतून तो बाईंच्या उपायाने सुटतो. चिठ्ठीत बजावलेलं असतं, वर येताना हळू या, टप्प्याटप्प्याने या, रक्तात नायट्रोजन आहे. पण एव्हाना मेजरला आपण कोणी तरी आहोत असं वाटायला लागलेलं असतं. 'नायट्रोजन कसला! खारं पाणी अंगात शिरायच्या आत वर गेलं पाहिजे,' असं म्हणून तो बाणासारखा वर सुटतो. पाण्याच्या पृष्ठभागावर येतो तो मेलेलाच. प्रयोगशाळा नष्ट करून सगळ्यांना वाचवतात त्या बाई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाऊन हजेरी घेतात.

"मेजरला मारलासा?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"मारलं."

"सहा पुस्तकं जगवून?"

"हो."

त्यांनी पानं एकावर एक सारखी केली. "मालकास्नी दाखवू का एकदा?"

"मालक वाचतात?"

"न्हाई."

"मग?"

त्यांनी पानं पोरांत वाटली. "चला रे, हात चालवा. संध्याकाळच्या आत मशीनला गेलं पायजे." आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "चिठ्ठ्या बाईंच्याच असणार, असं मी पाचव्या फर्म्याला म्हटलेलं हुतं."

खोटं सांगत नाही, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण राग निवला नाही.

ती दिवाळी माझी होती! शुक्रवारी पुस्तक बाहेर पडलं आणि रविवारपर्यंत सांगली-मिरजेत कोणाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. भाजीवाली मला विचारायला लागली, "तुम्हीच का त्या?" हेडबाईंनी बोलावून घेऊन आधी झापलं आणि मग शेवट समजावून घेतला. सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा निलोफरने वर्गात हात वर केला, "बाई, तो मीठ-मीठ म्हणत मेला ना?" आणि सगळा वर्ग फिसकन हसला. त्या अकरा जणी सर्वांत जोरात हसल्या. इचलकरंजीच्या वाचनालयाने कॅप्टनचा सत्कार ठेवला होता. तिथे लोकांनी त्यांना घेरलं, "मेजरला का मारलं? चौगुलेबाई कोण? भेटवा!" कॅप्टनना अजून प्रत मिळाली नव्हती, शेवटचा फर्मा त्यांनी वाचलेलाच नव्हता. भर सभेत त्यांच्या तोंडून "मेजर मेला?" असं निघालं. पुढे ते मागच्या दाराने गेले म्हणे. ही हकिगत मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून तीनदा ऐकली. तिन्ही वेळा नवी असल्यासारखी ऐकली.

मगदुमांचं कार्ड आलं. 'तुम्ही माझा चालता घोडा मारला. आपला संबंध संपला.' ते कार्ड मी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं. आई म्हणाली, तिथे काय ठेवतेस? मी म्हटलं, राहू दे, रोज दिसलं पाहिजे.

पुन्हा लिहायचं मी मनावर घेतलं नाही. दोन प्रकाशकांना पत्रं टाकली, त्यांची उत्तरं आली नाहीत. पण मला घाई नव्हती. सगळ्यांना कळलं होतं. माझं काम झालं होतं.

दीड वर्षाने, मे महिन्यात, सांगलीला शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या कामासाठी गेले होते. काम आटोपून भर दुपारी स्टँडवर आले. मिरजेची गाडी लागायला अवकाश होता म्हणून पुस्तकांच्या स्टॉलपाशी उभी राहिले.

दर्शनी दोरीला पुस्तकं लटकत होती. अंबाडा घातलेली, चष्मा लावलेली एक बाई, हातात परीक्षानळी, मागे हिरवा उजेड. वर बोटभर जाडीच्या अक्षरांत नाव, 'शशिकला चौगुले आणि हिरवा किरण'. तळाशी बारीक अक्षरांत, कॅप्टन उदयसिंह इंगवले. दुसरी आवृत्ती.

माझं नाव मुखपृष्ठावर होतं. कॅप्टनच्या नावाच्या चौपट मोठं.

"लई चालतंय," स्टॉलवाला म्हणाला. "आधी मेजरचं असायचं. तो मेला, तवा लोकांनी पोतंभर पत्रं धाडली, बाई पायजेत म्हणून. आता बाईच. ह्यो दुसरा भाग हाय. घ्या."

मगदुमांनी शेवटचा फर्मा वाचला नव्हता, पण पत्रांचं पोतं तळहातावर तोललं असणार. मी मारलेला घोडा पुरून त्यांनी मलाच गाडीला जुंपलं होतं. लिहिणारा कोणी तरी नवा सापडला असेल. आता भांडायला जावं तर कोणत्या तोंडाने? नाव तर घातलंच होतं.

फाडून टाकायचं म्हणून मी ते विकत घेतलं. फाडायच्या आधी चुका काढायच्या ठरवल्या. बाकावर बसले, पिशवीतून तांबडी पेन्सिल काढली. पहिल्याच पानावर प्रकाशाचा वेग चुकला होता, खूण केली. तिसऱ्या पानावर बाई बूट घालून प्रयोगशाळेत धावत होत्या. मी जन्मात बूट घातले नाहीत. खूण केली. नवव्या पानावर बाईंच्या घराला बाहेरून कुलूप लागलं. सोळाव्यावर छतातून हिरवा उजेड खाली उतरायला लागला, ज्याच्या अंगावर पडेल त्याची सावलीच नाहीशी व्हायची. बाईंनी भिंतीला पाठ लावली. उजेड सरकत पावलांपाशी आला. बाईंनी दाराच्या कडीला हात घातला आणि प्रकरण तुटलं.

मी पान उलटलं. पेन्सिल केव्हा गळून पडली कळलं नाही.

मिरजेची एक गाडी गेली, दुसरी गेली. तिसरी लागली तेव्हा त्या फलाटावर मी एकटीच उरले होते. कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता, "ओ बाई! मिरज ना? येताय का?"

मी मान वर केली नाही. हातानेच, जा म्हणून सांगितलं.